प्रॉम्प्टर

मंचापुढचा खड्डा मांडीभर खोल.
त्यात एक स्टूल, टॉर्च, वही
आणि हवालदार केवळराम नाकाडे, रिटायर.
"मले सवय हाये खड्ड्याची," म्हणतो
आणि उतरतो. आधी काठी, मग डावा पाय,
मग उरलेला माणूस.

आम्ही नट त्याच्या ओठांवर जगतो.
दुपारी चारला वडश्याहून टेम्पो निघतो,
रात्री साडेदहाला पडदा.
पाठांतर कोण करणार? काल मी दारुडा होतो,
परवा देवभोळा सावकार.
त्याचा उजवा कान तोफेनं नेला,
म्हणून त्याची कुजबुज तिसऱ्या रांगेत ऐकू येते.
खुर्चीवाले हसतात. चालते.
डाव्या हाताची तीन बोटं हिमानं खाल्ली,
पण पान कधी उशिरा उलटलं नाही.

त्या रात्री चिखलगोंदीची मंडई.
धान निघालेल्या बांधीत ताडपत्री,
तणसावर बायका, दुलईत लेकरं, बाहेर आलूबोंड्याची कढई.
मंडळानं बोर्ड लावला होता, माजी सैनिकाचा सत्कार.
तो म्हणाला, "तिसऱ्या अंकानंतर करा बा,
आता ड्यूटी हाये."

नाटक होतं 'कुंकू राहिलं बर्फात'.
लिहिणाऱ्यानं बर्फ पाहिला नव्हता, मीही नाही.
मॅनेजरनं जुनी गादी फाडली
आणि दोन पोरांना कापूस देऊन वर बसवलं.

अडीच वाजता मी मरायला पडलो.
हातात सागाची बंदूक, छातीवर कुंकवाचं तेल,
ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवलेला.
वहीत मरण दीड पानाचं होतं,
आई, माती, झेंडा, पुढल्या जन्माचा वायदा.
मला पहिला शब्दही येत नव्हता.

खड्ड्याकडे पाहिलं.
टॉर्च सुरू. ओठ बंद.

"हवालदार," मी मरता मरता म्हणालो, "शब्द."

ऑर्गनचा भाता रिकामा झाला.
कुठं तरी एक पोर खोकललं,
ताडपत्रीवरून दव टपकत होतं.
मग वहीकडे न बघता तो बोलला,
"चहा झाला का?"

मला वाटलं, हेच लिहिलंय.
मी म्हणालो, "चहा झाला का?"

"जोड्यात पानी गेलं."
"जोड्यात पाणी गेलं," मी म्हणालो.

"बटाटे सोलाचे रायले ना बे."
तेही म्हणालो.

मग काहीच आलं नाही.
मी वाट पाहत पडून राहिलो.
नाकावर कापूस बसला, शिंक दाबली.
टॉर्च विझला.
पडदा ओढणाऱ्याला कळेना ओढावं की नाही.
तीन हजार माणसं,
आणि शिट्टी एकही नाही.

सत्काराला तो वर आलाच नाही.
शेवटी अध्यक्ष मंचाच्या कडेला गुडघ्यावर बसले,
पांढरं धोतर सावरत,
आणि शाल, नारळ खाली सोडले
विहिरीत बादली सोडावी तसे.
त्यानं नारळ स्टुलाखाली ठेवला,
शाल मांडीवर घेतली, बोट ओलं केलं,
पान उलटलं.
"चौथा अंक," म्हणाला.

पहाटे टेम्पोत मी विचारलं, कोण होता तो?
त्यानं उजवा कान माझ्याकडे केला.
मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री दुसरं गाव, तेच नाटक.
मॅनेजर म्हणाला होता, वहीतलंच वाचा.
त्यानं पूर्ण दीड पान वाचलं,
आई, माती, झेंडा, तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.
मी सगळं बोललो. शिट्ट्या पडल्या.
कोणी शंभराची नोट फेकली.

मरायच्या आधी मी खड्ड्याच्या काठावर
चहाचा एक गिलास ठेवला होता.
त्यानं तो उचलला,
आणि पलीकडच्या काठाला नेऊन ठेवला,
जिथं कोणी बसत नाही.

सकाळी सामान गोळा करताना
सायीवर कापसाचा एक धागा होता.